लिहायला शिकताना : कोणी, केव्हा, कशावरून

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या लेखन-शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या शिबिराचं निमंत्रण आलं तेव्हा त्यात विषय होता 'कार्यकर्ती आणि लेखन'. मी संयोजक मैत्रिणीला फोन करून म्हटलं, "अगं, यावर बोलायला एखादी लेखिका बोलाव की." ती म्हणाली, "लेखिका नकोच. आमच्यातल्या निम्म्याजणी म्हणतात, मोर्चात जाऊ, रात्री-अपरात्री पोलीस चौकीत बसू, पण लिहायचं तेवढं आम्हाला सांगू नका. तू लिहायला कशी शिकलीस तेवढं सांग." म्हणून आज तेवढंच सांगणार आहे.

मी लिहायला शिकले ते एम.एस.डब्ल्यू.च्या पहिल्या वर्षी. तुम्ही म्हणाल, त्याआधी काय लिहिता येत नव्हतं? येत होतं. पंधरा वर्षं निबंध आणि उत्तरपत्रिका लिहीतच होते. 'पावसाळ्यातील एक दिवस', 'माझी आई', पुढे बी.ए.ला 'टिपा लिहा' आणि 'कारणे द्या'. पण त्या सगळ्या लिखाणात एकही वाक्य असं नव्हतं, की ज्यावर दुसऱ्या कुणाचं काही अवलंबून आहे. निबंध चांगला झाला तर मार्क मला, वाईट झाला तरी नुकसान माझंच. पहिल्या वर्षी प्रथमच असं झालं, की मी लिहिलेला कागद पिशवीत घालून एक बाई वकिलाकडे जाणार होती. तिथून लिहिणं ही वेगळीच गोष्ट झाली.

ज्यांनी हा अभ्यासक्रम केलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. समाजकार्याच्या शिक्षणात वर्गातल्या तासांइतकंच महत्त्व क्षेत्रकार्याला असतं. आठवड्यातले दोन दिवस, साधारण पंधरा तास, विद्यार्थ्यांनी एखाद्या वस्तीत, दवाखान्यात, शाळेत नाहीतर संस्थेत काम करायचं. मला कुटुंब सल्ला केंद्र मिळालं होतं. प्रत्येक दिवसाचा अहवाल लिहायचा. त्याला सगळे 'रेकॉर्डिंग' म्हणतात, टेपरेकॉर्डरशी त्याचा काही संबंध नाही. हा अहवाल मार्गदर्शक प्राध्यापकांकडे द्यायचा, त्या तो वाचतात, आणि आठवड्यातून एकदा समोर बसवून त्यावर बोलतात. वर्षभर हेच चालतं. अमेरिकेत मेरी रिचमंड यांनी 1917 साली 'सोशल डायग्नोसिस' हे पुस्तक लिहिलं, तेव्हापासून केसवर्क करणाऱ्यानं नीट नोंद ठेवली पाहिजे हा आग्रह या विषयात मुरलेला आहे.

त्यातही 'प्रोसेस रेकॉर्डिंग' नावाचा एक प्रकार असतो. बाई बोलत असताना वहीत डोकं घालायचं नाही. तिच्याकडे बघायचं, ऐकायचं. मग ती गेल्यावर, त्याच दिवशी, जे जे बोलणं झालं ते आठवून लिहायचं. ती काय म्हणाली, मी काय म्हटलं, ती कधी गप्प झाली, कुठल्या प्रश्नाला तिनं मान फिरवली. मी एसटीत शेवटच्या बाकावर बसून लिहायची. पहिले दोन महिने वाटायचं की हे छळवादी काम आहे. नंतर लक्षात आलं, की लिहायचं आहे हे माहीत असल्यामुळे मी ऐकायला लागले आहे. बाई बोलत असताना आपण पुढचा सल्ला मनात जुळवत असतो ना, ते थांबलं. लिहायला शिकताना मी आधी शिकले ती ऐकायला.

आमच्या वर्गात बहुतेकजणी मराठी माध्यमातून आलेल्या. पुस्तकं सगळी इंग्रजी. त्यामुळे पुस्तकातले शब्द भाषांतर होऊन वहीत उतरायचे. 'समायोजनाची समस्या', 'वैवाहिक विसंवाद', 'कौटुंबिक ताणतणाव'. शब्द भारदस्त. परीक्षेत त्यांना मार्कही मिळायचे. आमच्या मार्गदर्शक मॅडम मात्र हे शब्द खोडायच्या नाहीत की बदलून द्यायच्या नाहीत. समासात पेन्सिलीनं फक्त प्रश्न विचारायच्या. आणि वर्षभर प्रश्न तीनच. कोणी? केव्हा? कशावरून? मला आज विचाराल तर माझं सगळं लेखनशिक्षण या तीन प्रश्नांत आहे. एकेक घेते.

पहिला प्रश्न, कोणी?

आपल्या मराठीत एक मोठी सोय आहे. करणाऱ्याचं नाव न घेता वाक्य पुरं करता येतं. 'तिला मारहाण झाली.' जसा काही पाऊस झाला. 'किरकोळ कारणावरून भांडण होऊन तिला माहेरी पाठविण्यात आले.' कोणी भांडण काढलं, कारण किरकोळ आहे हे कोणी ठरवलं, कोणी पाठवलं, काही पत्ता नाही. वर्तमानपत्रं असंच लिहितात, कचेऱ्यांत असंच लिहितात, आणि तेच वाचून वाचून आपल्या हातातही तीच भाषा बसते. मॅडमचा 'कोणी?' समासात दिसला, की वाक्य पुन्हा मांडावं लागायचं. 'नवऱ्यानं काठीनं उजव्या दंडावर मारलं. सासू दारात उभी होती. तिनं दार लावून घेतलं.' बघा, शब्द सोपे झाले, वाक्यं लहान झाली, आणि त्यात माणसं आली.

'टाकलेली बाई' हा आपल्याकडचा शब्द घ्या. बाई म्हणजे काय वस्तू आहे, वापरून टाकायला? संस्कृतात 'परित्यक्ता' म्हटलं तरी अर्थ तोच, फक्त कपडे बरे. महाराष्ट्रातल्या स्त्रियांनी हाच शब्द घेऊन हक्कासाठी परिषदा घेतल्या, मोर्चे काढले, म्हणून त्या शब्दाला मी मानते. पण अर्ज लिहिताना तो पुरत नाही. 'नवऱ्यानं घराबाहेर काढलं, त्यानंतर एक पैसा पाठवला नाही' असं लिहिलं म्हणजे टाकणारा दिसायला लागतो.

हा काही भाषेचा शौक नाही. पोटगीच्या कायद्यात फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 होतं. 1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात ते कलम 144 झालं. तरतूद तीच आहे, की पुरेशा कारणाशिवाय बायको नवऱ्याकडे राहायला नकार देत असेल तर तिला पोटगी मिळणार नाही. आता एक प्रसंग सांगते. केंद्रात एक बाई आली होती. बाहेर टेबल टाकून बसणाऱ्या एका लेखनिकाकडून तिनं अर्ज टाइप करून आणला होता. त्यात लिहिलं होतं, 'मी रागाच्या भरात घर सोडून माहेरी निघून आले.' आमच्या समुपदेशक ताईंनी तो अर्ज मला तिच्यासमोर मोठ्यानं वाचायला लावला. त्या वाक्यापाशी ती म्हणाली, "थांब गं पोरी. मी कुठं सोडलं? मला काढलं. दार आतून लावलं. मी रात्रभर शेजारणीच्या पडवीत बसले लेकराला घेऊन." बाईला लिहिता येत नव्हतं. अर्जाखाली तिच्या डाव्या अंगठ्याची निशाणी झालेली होती. 'सोडलं' आणि 'काढलं' यांच्यामध्ये तिची पोटगी अडकली असती. तो अर्ज बाजूला ठेवून दुसरा लिहिला. तो मी लिहिला, ताईंनी तपासला, तिनं तो दोनदा वाचून घेतला आणि मगच अंगठा दिला.

दुसरा प्रश्न, केव्हा?

आपल्याकडे येणाऱ्या बायांना तारखा आठवत नाहीत अशी सगळ्यांचीच तक्रार असते. पण त्यांना दिवस नेमके आठवतात. 'नागपंचमीच्या आदल्या दिवशी.' 'धाकटीच्या बारशाला पाहुणे होते तेव्हा.' 'ऊसतोडीवरून आलो त्या आठवड्यात, उचल फेडायची होती म्हणून.' हे सगळं कॅलेंडरच आहे, फक्त ते भिंतीवर टांगलेलं नाही. आम्ही केंद्रात मागच्या चार-पाच वर्षांची 'कालनिर्णय' जपून ठेवायचो. सण सापडला की तारीख सापडते. मुलाचा जन्मदाखला, दवाखान्याचा केसपेपर, शाळेत नाव घातल्याची नोंद, रेशनकार्डातून नाव कमी केल्याची तारीख, यांनी बाकीचं जुळतं.

मात्र तारीख लिहिताना तिचं वाक्य पुसायचं नाही, हे मला पहिल्या वर्षी मुद्दाम शिकवलं गेलं. 'नागपंचमीच्या आदल्या दिवशी' हे शब्द तसेच ठेवायचे आणि पुढे तारीख लिहायची. म्हणजे उद्या साक्षीच्या वेळी तिला आठवण राहते ती सणाची, आणि कागद बोलतो तो तारखेनं, आणि दोन्ही एकमेकांना धरून राहतात.

घटना एका ओळीत गुंडाळायच्या नाहीत, हेही 'केव्हा' या प्रश्नानंच शिकवलं. 'लग्नापासून छळ होत आहे' हे वाक्य खरं असतं, पण त्याला धरायला कुठं जागाच नसते. पहिली घटना, सर्वांत गंभीर घटना आणि शेवटची घटना, या तीन तरी वेगळ्या लिहाव्यात. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार विरोधी कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. त्याच्या नियमांमध्ये घटनेच्या अहवालाचा जो पहिला नमुना आहे, तो तुमच्यापैकी अनेकींनी भरला असेल. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक अशा चार प्रकारच्या हिंसेची जागा आहे. घटना कधी, कुठे, किती वाजता आणि ती करणारी व्यक्ती कोण, हे तो नमुना विचारतो. मुलगा झाला नाही म्हणून टोमणे मारणं, खर्चाला पैसे न देणं हेही त्यात नाव घेऊन आहे. तो फॉर्म हातात आला तेव्हा मला आमच्या मॅडमची पेन्सिल आठवली. कोणी आणि केव्हा, हे दोन प्रश्न कायद्यानंच छापून ठेवले आहेत. आपण मात्र घाईच्या दिवशी सगळ्या रकान्यांत 'वरीलप्रमाणे' लिहून मोकळ्या होतो.

तिसरा प्रश्न, कशावरून?

म्हणजे हे तुला कसं कळलं? तिनं सांगितलं, तू पाहिलंस, का तुला वाटलं? आमच्या वहीच्या पानावर मधोमध रेघ मारलेली असायची. डावीकडे झालेलं बोलणं आणि पाहिलेलं. उजवीकडे माझं मत, माझी शंका, माझा राग. 'बाई घाबरलेली होती' हे मत झालं. 'बोलताना तिनं तीनदा दाराकडे बघितलं, आवाज खाली आणला, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती' हे पाहिलेलं झालं. दुसरं लिहिलं की वाचणारा आपणच समजतो.

उजव्या रकान्याचा उपयोग मला फार उशिरापर्यंत पुरला आहे. एखाद्या दिवशी तिथं एवढंच लिहिलेलं असे, 'आज नवऱ्याचं बोलणं ऐकून हात थरथरत होते.' किंवा, 'ही बाई परत जाणार म्हणते, मला ते आवडत नाही.' आपल्या भावनेला बसायला एक जागा मिळाली, की ती बाईच्या नोंदीत घुसत नाही. आणि वर्षानुवर्षं दुसऱ्यांचं दुःख ऐकणाऱ्या कार्यकर्तीला तर ती जागा हवीच. नाहीतर ते सगळं आपल्या घरी येतं, जेवायच्या ताटापर्यंत.

सत्राच्या शेवटी आम्हाला स्वतःचं मूल्यमापन लिहावं लागायचं. या वर्षात तुझ्यात काय वाढ झाली, ते पुराव्यानिशी लिही. म्हणजे तिथंही 'कशावरून' होतंच. मी जुलैपासूनच्या वह्या काढून बसले. जुलैच्या वहीत केंद्राचा जिना, खोलीचा रंग, कोण कुठं बसतं, भिंतीवरचे तक्ते, असं बरंच होतं. बायांचं बोलणं चार-सहा ओळी. फेब्रुवारीच्या वहीत जिना नव्हता. पानंच्या पानं बायांचं बोलणं होतं, त्यांच्या भाषेत. 'घालूनपाडून बोलतो', 'नांदवत नाहीत', 'डोईवर हात ठेवणारं कुणी नाही'. 'फार', 'अत्यंत', 'खूपच' हे शब्द गळून गेले होते. माझी वाढ झाली म्हणजे काय झालं, तर माझ्या वहीत माझी जागा कमी झाली आणि तिची वाढली. मूल्यमापनात मी एवढंच लिहिलं आणि दोन्ही वह्यांचे पान नंबर दिले.

आता तुम्ही म्हणाल, ही झाली संस्थेची, कागदाची गोष्ट. चळवळीला याचं काय? मला वाटतं, आपली चळवळ पुष्कळशी अशा वाचण्या-लिहिण्यातूनच उभी राहिली आहे. मथुरा प्रकरण आठवा. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातलं, 1972 सालचं. आदिवासी मुलगी, आणि आरोपी पोलीस. 1978 साली सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती होती असा तो निष्कर्ष. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. त्यांनी काय केलं? निकालपत्र ओळीनं वाचलं आणि विचारलं, संमती होती हे कशावरून? रात्री पोलीस ठाण्यात कोंडलेल्या गरीब मुलीनं विरोध केला नाही, तर ती शरण गेली असेल. शरण जाणं आणि संमती देणं एकच का? दोन शब्दांमधला हा फरक त्यांनी कागदावर मांडला, आणि 1980 मध्ये देशभर बाया रस्त्यावर आल्या. 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात बाईनं संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयानं ते धरून चालावं अशी तरतूद आली.

आणि लिहायला शिकणाऱ्या मुलींचा विषय निघाला आहे, तर मुक्ता साळवेचं नाव घेतल्याशिवाय कसं चालेल? सावित्रीबाई आणि जोतिरावांच्या पुण्यातल्या शाळेतली, चौदा वर्षांच्या आसपासची मातंग समाजातली मुलगी. शाळेत जाऊन तिला जेमतेम तीन वर्षं झाली होती. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. शाळकरी निबंधच तो. पण तिनं 'अस्पृश्यांवर अन्याय होत असे' असं मोघम लिहिलं नाही. बाजीरावाच्या राज्यात काय चालायचं ते नाव घेऊन लिहिलं. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडीपावसात त्यांचे काय हाल होतात, हे स्वतःच्या माहितीवरून लिहिलं. कोणी, केव्हा आणि कशावरून, तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या मुलीच्या निबंधात आहेत. पुढे 1882 साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली, तीही एका विधवेला बालहत्येबद्दल झालेल्या शिक्षेच्या निमित्तानं. सगळे बाईला बोल लावत असताना त्यांनी पुरुषांकडे बोट दाखवलं. हे पुस्तक लोक जवळजवळ विसरले होते. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं आणि आपल्या पिढ्यांच्या हाती आलं. छापील राहिलं म्हणून तर सापडलं. बोलून गेलेलं किती हरवलं असेल!

आता आपल्याच कागदांकडे वळू. पोलिसांना, वकिलांना, वर्तमानपत्रांना हे तीन प्रश्न विचारायचे आणि आपले अहवाल तसेच सोडायचे, हे बरोबर नाही. आपल्या संघटनांच्या, केंद्रांच्या वार्षिक अहवालात एक वाक्य ठरलेलं असतं, 'दोघांमध्ये समेट झाला.' कोणी केला समेट? 'तडजोड झाली.' काय सोडलं, आणि कोणी सोडलं? ती परत गेली ती नवऱ्यानं मारणार नाही असं लिहून दिलं म्हणून, का धाकट्याची शाळा बुडत होती म्हणून, का भावजयीनं ताट वाढणं बंद केलं म्हणून? तीन महिन्यांनी तिला कोणी जाऊन विचारलं का, आणि केव्हा? देणगीदारांना यशोगाथा हव्या असतात, आकड्यांचे तक्ते हवे असतात. ते द्यावे लागतात, मला माहीत आहे, मीही देते. पण 'समेट झाला' या रकान्यात पडलेल्या बाईची खरी नोंद आपल्या वहीत तरी असली पाहिजे. ती नसेल तर दहा वर्षांनी आपलं काम कसं चाललं होतं हे आपल्यालाही कळणार नाही.

दुसरी गोष्ट फोनची. आज फोनवर बोललं की मराठीत टाइप होतं. ज्यांना अक्षरांची भीती वाटते त्यांना ही चांगली सोय आहे, जरूर वापरा. पण बाईच्या अर्जाचा फोटो काढून व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकायची जी सवय लागली आहे, ती आधी थांबवा. तिनं ते आपल्याला सांगितलं होतं, गटातल्या साठजणींना नव्हे. बलात्काराच्या प्रकरणात तर पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. ही तरतूदही 1983 च्याच दुरुस्तीतून आली आणि आज ती भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 मध्ये आहे.

शेवटी, उद्यापासून करता येईल असं काय, ते सांगते. मी लिहायला शिकले ते काही अंगात कला होती म्हणून नाही. आठवड्याला लिहावंच लागत होतं, आणि ते वाचणारं, समासात प्रश्न विचारणारं कुणीतरी होतं, म्हणून शिकले. आपल्यातल्या कितीजणींना असं कुणी मिळालं आहे? कॉलेजात जाणाऱ्यांना मिळतं, बाकीच्यांनी काय करायचं? तर गटानं एकमेकींसाठी ते करायचं. आठवड्यातला एक तास ठेवा. प्रत्येकीनं एका भेटीची नोंद लिहून आणायची, एक पान पुरे. नावं बदलून ती मोठ्यानं वाचायची. बाकीच्यांनी शुद्धलेखन तपासायचं नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या धाकानं आपल्या किती बाया लिहायच्या राहिल्या आहेत! फक्त तीन प्रश्न विचारायचे. जिला लिहिता येत नाही तिनं सांगायचं आणि दुसरीनं उतरवून घ्यायचं, म्हणजे दोघी शिकतात.

आणि चार गोष्टी पाठ करून टाका. बाईचा कुठलाही कागद तिच्यासमोर मोठ्यानं वाचल्याशिवाय तिची सही किंवा अंगठा घ्यायचा नाही. तिनं शब्द बदलायला सांगितला तर तो बदलायचा, तिचं वाक्य आपल्याला गावठी वाटलं तरी. कागदाची एक प्रत तिच्या हातात द्यायची, आणि ती घरी ठेवणं धोक्याचं असेल तर कुठं ठेवायची हे तिलाच विचारायचं. पोलीस ठाण्यात फिर्याद तोंडी सांगितली तर ती लिहून घेणं, वाचून दाखवणं आणि तिची प्रत विनामूल्य देणं हे पोलिसांवर कायद्यानं बंधनकारक आहे. पूर्वी हे कलम 154 होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत ते 173 आहे. जबाबाच्या शेवटी 'माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला असून तो मला वाचून दाखवला आहे, तो बरोबर आहे' अशा अर्थाची ओळ आधीच टाइप केलेली असते. ती ओळ खरी करून घेणं हे आपलं काम. तिच्याबरोबर गेलेल्या कार्यकर्तीनं शांतपणे म्हणायचं, "साहेब, एकदा वाचून दाखवा."

माझं बोलणं इथं थांबवते. जेवणानंतर आपण चार-चारजणींचे गट करून बसणार आहोत. प्रत्येकीनं गेल्या महिन्यातली एक भेट आठवून लिहायची आहे, अर्धा तास. पानाच्या मधोमध रेघ मारून घ्या. पेन्सिली मी आणल्या आहेत.